पिल्लू गप्प झालं तेव्हा

जुलै महिना. आदल्या रात्री अकराला ठाण्याहून मुलुंडला परतले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. गाडी बिल्डिंगखाली लावली आणि वर पळाले. सकाळी साडेसहाला आईला रक्ततपासणीला न्यायचं होतं. मी चावी लावली तेवढ्यात आई म्हणाली, "थांब गं, मांजराचं पिल्लू ओरडतंय."

मला पावसात काही ऐकू येईना. उतरून बोनेटवर थाप मारली. एकदाच बारीक 'म्याँव', मग एकदम शांत. वॉचमनकाका म्हणाले, "गेलं असेल ताई खालून पळून." मलाही तसंच वाटलं. आई मात्र खाली उतरली. "मी रिक्षाने जाते. तू गाडी चालू करू नकोस." तिचं ऐकलं म्हणून ते पिल्लू वाचलं.

घाबरलेलं पिल्लू पळत नाही, दडून गप्प बसतं, हे मला ठाऊक नव्हतं. पावसात भिजलेलं जनावर कोरड्या, गरम जागेकडे ओढलं जातं आणि नुकतीच बंद केलेली गाडी कितीतरी वेळ ऊब देत राहते.

बोनेट उघडून टॉर्च मारला, काही दिसेना. शेवटी मोबाईल आत धरून फोटो काढत सुटले. एका फोटोत बॅटरीखाली, रेडिएटरच्या पंख्यामागे दोन डोळे चमकले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "आत हात घालू नका, मी आलो." आल्याआल्या त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. इंजिन तापलेलं असेल तर काही गाड्यांमध्ये चावी काढल्यावरही तो पंखा आपोआप फिरतो, हे मला तेव्हा कळलं. माझा हात तर मनगटापर्यंत आत जाऊन आला होता.

शेजारच्या काकूंनी सुके बोंबील आणले. वासाने पिल्लू हललं, पण खाली यायच्या ऐवजी आणखी वर सरकलं. पाऊण तास गेला. अग्निशमन दलाला 101 वर फोन करायच्या बेतात होते, तेवढ्यात दादांनी गाडी जॅकवर घेतली आणि दहा नंबरच्या पान्याने इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं. जुन्या टॉवेलमध्ये ते अलगद उतरलं. मुठीएवढं, ऑइलने काळं झालेलं, पंजे बर्फासारखे गार.

काकू दूध गरम करायला निघाल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं: गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतील, आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग खाणं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. अर्ध्या तासाने त्याने माझ्या बोटाला तोंड लावलं. मला रडूच आलं.

त्याची आई आसपास असणार, म्हणून खोकं जिन्याजवळ ठेवून आम्ही सगळे लांब उभे राहिलो. आता रोज मी बोनेटवर थाप मारून मिनिटभर कान देते. तेव्हा मात्र तासभर श्वास रोखून थांबले होते. पाऊस जरा उघडला आणि मीटरच्या खोलीमागून एक करडी मांजर आली. खोक्यात वाकली, पिल्लाला सगळीकडून हुंगलं, मानेला धरून उचललं. चार पावलं गेली, थांबली, पिल्लू खाली ठेवून पुन्हा नीट पकडलं आणि जिन्याखाली दिसेनाशी झाली.