उतरलेली पट्टी

रविवार, रात्र

दुपारपासून एकच गोष्ट सलते आहे. जपानी पॉपगायिका सेइको मात्सुदाचं 'आओई सांगोशो' हे गाणं 1980च्या तबकडीवर ऐकलं आणि पाठोपाठ तिच्या अलीकडच्या मैफिलीतलं ऐकलं. पेटी शेजारीच होती. तबकडीवरचा पहिला 'आ' शोधून त्यावर बोट ठेवलं. मग मैफिलीतला शोधला, तर बोट डावीकडे सरकवावं लागलं.

सेइको जुनी गाणी पट्टी उतरवून गाते हे काही नवं नाही. तिला ऐकणाऱ्या सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. तरी आज ते बोटाला कळलं आणि काहीतरी आपलं कुणी न विचारता उचलून नेल्यासारखं झालं. आपलं म्हणजे काय, ते मात्र धड सांगता येत नाही.

त्या 'आ'चं असं आहे की बाकीची गाणी गळ्याला चढायला पायऱ्या देतात. कडव्यात खाली बोलत राहायचं, आवाज तापू द्यायचा आणि मग ध्रुवपदाला वर जायचं. इथे पायऱ्याच नाहीत. वाद्यांचा छोटा तुकडा संपतो न संपतो तोच ध्रुवपद, आणि तेही लांबवलेल्या 'आ'पासून. स्वर पहिल्या फटक्यात लागावा लागतो. कणभर कमी लागला तर पुढची अख्खी ओळ सावरण्यात जाते, जोर जास्त झाला तर ओरडल्यासारखं होतं. 18 वर्षांची सेइको तो खालून किंचित घेत वर नेते. जपानीत या खालून घेण्याला 'शाकुरी' म्हणतात, आणि तिथली कराओके यंत्रं गुण देताना शाकुरी किती वेळा आली तेही मोजतात. तिची शाकुरी मात्र मोजून कळत नाही. स्वराच्या दारात ती अर्धा क्षण थांबते आणि आत जाते. तो अर्धा क्षण मला तोंडपाठ आहे.

आणि आता तेच दार थोडं खाली बसवलंय.

आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. साथीदार विचारतो, 'पट्टी कोणती?' बाई म्हणतात, 'काळी चार.' काही वर्षांनी त्याच बाई काळी तीन सांगतात. तंबोरे त्या सुरात लागतात आणि गाणं सुरू होतं. चीज पट्टीला बांधलेली नसते, गाणाऱ्याला बांधलेली असते. बायकांचा आवाज वयाबरोबर, विशेषतः पाळी गेल्यानंतर, थोडा खाली येतो. स्वरपट्ट्या जाडसर होतात, वरचे स्वर धरायला जास्त श्वास लागतो. हे शरीराचं साधं गणित आहे. मग जपानी गाण्यालाच मी वेगळा नियम का लावते आहे?

कदाचित तबकडीमुळे. ते गाणं आम्ही आधी तबकडीवर ऐकलं, म्हणून तबकडी हीच चीज झाली. कराओकेच्या यंत्रावरही 'मूळ गाण्याची पट्टी' असं वेगळं बटण असतं. पट्टी गाण्याच्या मालकीची आहे असं तिथे धरूनच चालतात.

वाद्यवृंदात पट्टी उतरवणं हे तंबोरा उतरवण्याइतकं सोपंही नसतं. एक अर्धस्वर खाली यायचं म्हणजे कंपनसंख्या सुमारे 6 टक्क्यांनी कमी होते. 440चा स्वर 415वर येतो, दोन अर्धस्वर उतरला की 392वर, चार उतरला की 349वर. गायिकेला हायसं वाटतं, पण मागे सगळ्यांची पंचाईत होते. गिटारवर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी चढवता येते, उतरवता येत नाही. मग तारा सैल करायच्या किंवा सगळे कॉर्ड वेगळ्या जागी धरायचे, आणि मोकळ्या तारांची ती खणखण जाते. बेसची सगळ्यात खालची तार 41च्या आसपास वाजते. मूळ गाण्यात बेस तिथपर्यंत जात असेल तर उतरवलेल्या पट्टीत तो स्वर चार तारांच्या बेसवर उरतच नाही. पाच तारांचा बेस आणावा लागतो, नाहीतर तेवढा तुकडा वरच्या सप्तकात न्यावा लागतो, आणि तो वर गेला की गाण्याखालची जमीन सरकते. व्हायोलिनचे तळाचे तुकडे व्हायोलाकडे द्यावे लागतात. ट्रम्पेटची वरची चकाकी खाली आली की नुसती भरीव होते, म्हणून ती ओळ नव्याने लिहावी लागते. हे सगळं कशासाठी, तर ऐकणाऱ्याला फरक जाणवू नये म्हणून. इतकी माणसं इतकं काम करतात, आणि मी पेटी घेऊन चूक काढायला बसते.

चूक नाहीच ती. तरी सलतंय.

टर्नटेबलवरही करून पाहिलं. टेक्निक्सच्या एसएल-1200वर वेगाची पट्टी 8 टक्के मागे घेता येते. तेवढी घेतली की 45ची तबकडी जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येते. पण सोबत लयही रेंगाळते आणि आवाजाचा पोतच बदलतो. तोंडाची पोकळी मोठी झाल्यासारखं वाटतं, झोपेतून उठून कुणी बोलावं तसं. 18 वर्षांच्या गळ्याला यंत्राने खाली ओढलं की तो 18चाही राहत नाही आणि 60चाही होत नाही. मैफिलीतल्या आवाजात तसं काही नाही. लय तीच आहे, अक्षरं तशीच गोल आहेत, 'आ'च्या दारातला अर्धा क्षण जागेवर आहे. खाली आली आहे ती फक्त उंची. हे ऐकल्यावर जरा शांत वाटलं, मग पुन्हा नाही.

मग तारखा काढून बसले. 1 एप्रिल 1980ला 'हादाशी नो किसेत्सु', 1 जुलैला 'आओई सांगोशो', 1 ऑक्टोबरला 'काझे वा आकी इरो'. पुढच्या वर्षापासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, दर तीन महिन्यांनी नवं सिंगल. शिवाय वर्षाला दोन अल्बम, दौरे, जाहिराती आणि टीव्हीवर दर गुरुवारी थेट प्रक्षेपित होणारा गाण्यांचा कार्यक्रम 'द बेस्ट टेन'. ऑगस्ट 1980मध्ये त्याच कार्यक्रमासाठी ती हानेदा विमानतळावर विमानातून उतरली आणि तिथेच, विमानाच्या बाजूला, उघड्यावर हेच गाणं गायली. उघड्यावर आवाज परत येत नाही. स्वतःचं ऐकू आलं नाही की गाणारा नकळत ताणतो. असं किती वेळा झालं असेल. सूत्रसंचालनाला तेत्सुको कुरोयानागी होत्या, आपल्या तोत्तोचानच्या. तेव्हापासून हीही सेइको-चानच आहे, साठी उलटली तरी.

1981मध्ये तो आवाज थकला. त्या वर्षाची ध्वनिमुद्रणं ओळीने लावली की कडेकडेने येणारी खरखर ऐकू येते. निर्माते मुनेओ वाकामात्सु यांनी तेव्हा गायिका-संगीतकार युमी मात्सुतोयाकडून गाणं मागितलं, आणि तिने 'कुरेता कारुहो' या टोपणनावाने चाल दिली. शब्द ताकाशी मात्सुमोतोचे. चालीचा शेवट खाली उतरत होता, तो वाकामात्सुंनी वर नेणारा करून मागितला. हे 'आकाई स्वीट पी', 21 जानेवारी 1982. जोराचा 'आ' नाही, कुठे ढकलणं नाही, श्वास जवळजवळ माइकला टेकलेला. ज्या गोडव्याला पुढे सगळे 'तिचा आवाज' म्हणू लागले, तो थकलेल्या गळ्याला सांभाळताना सापडलेला आहे.

तेव्हा ती 19 वर्षांची होती.

म्हणजे मी ज्याला मूळ धरून बसले आहे तो आवाज जेमतेम वर्षभर टिकला. त्याच्या जोरावर तिची 24 सिंगल लागोपाठ ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या क्रमांकावर गेली असं म्हणावं, तर तसंही नाही. 'आओई सांगोशो' त्या 24मध्ये नाहीच. ती माळ 'काझे वा आकी इरो'पासून सुरू होते आणि 1988च्या 'ताबिदाची वा फ्रीजिया'ला संपते. त्यातली बरीचशी गाणी त्या बदललेल्या, सांभाळून वापरलेल्या गळ्याची आहेत.

यानंतर 'स्वीट मेमरीज' लावलं. ते लावायला नको होतं, किंवा तेच आधी लावायला हवं होतं. ऑगस्ट 1983, 'गारासु नो रिंगो'ची मागची बाजू. सनटोरीच्या बिअरच्या जाहिरातीत पेंग्विन गातो तेच. सुरुवातीला गायिकेचं नाव पडद्यावर येत नव्हतं, आणि हे कोण गातंय असं लोक विचारायचे. आवाज खालचा, सावकाश, जॅझच्या अंगाचा. 21 वर्षांची सेइको, देशभर पोस्टरवर असलेली, आणि लोकांना ओळखू आली नाही! चाल आणि संयोजन मासाआकी ओमुराचं. 'आओई सांगोशो'चं संयोजनही त्याचंच. तो वरचा 'आ' ज्याने सजवला, त्यानेच तीन वर्षांनी तिला खाली आणून बसवलं. खाली काय आहे ते त्याला ऐकू आलं होतं.

'स्वीट मेमरीज'चे खालचे स्वर आणि आजच्या मैफिलीतलं बोलणं, दोन गाण्यांमधलं, घोट घेऊन केलेलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाजाचा रंग एकच आहे. वरून सुटून खाली पडलेला हा आवाज नव्हे. हा तिथे होताच.

बाकीचं लिहायचं तर रात्र पुरणार नाही. लग्न झालं की आयडॉलने, म्हणजे अशा तरुण पॉपतारकेने, माइक खाली ठेवायचा असं ठरलेलं असताना (तिच्या आधीची आयडॉल मोमोए यामागुची हिने ऑक्टोबर 1980मध्ये बुदोकानच्या मंचावर तो अक्षरशः ठेवला) ही 1985ला लग्न करून, आई होऊन परत आली, आणि 'मामादोरु', म्हणजे आई झालेली आयडॉल, असा नवा शब्दच भाषेत रुळला. 1996मध्ये, 34व्या वर्षी, स्वतः लिहिलेलं 'आनाता नी आइताकुते' दहा लाखांच्या वर खपलं. तिच्या सगळ्या सिंगलमध्ये सर्वांत जास्त. 2024ला चुओ विद्यापीठाचा कायद्याचा पत्रद्वारा अभ्यासक्रम पूर्ण केला. डिसेंबर 2021मध्ये तिची लेक गेली, त्याबद्दल लिहिणार नाही. त्या वर्षी ती कोहाकूला, वर्षअखेरच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला, आली नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मंचावर उभी राहिली, एवढंच.

जून 2024मध्ये टोकियो डोममध्ये न्यूजीन्स या कोरियन गटातल्या हानीने 'आओई सांगोशो' गायलं. 19 वर्षांची मुलगी, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, पांढरा घागरा. तेव्हा मनात आलं होतं की हे बरं झालं, गाणं आता त्याच्या वयाच्या मुलीकडे परत गेलं. आज तो विचार आठवून वाईट वाटलं. गाणं कुठे गेलेलंच नव्हतं. ते दर उन्हाळ्याच्या दौऱ्यात, झालरींच्या पोशाखात, तिच्यापाशीच आहे. पट्टी उतरवते आहे म्हणून ती ते अजून गाऊ शकते. मूळ पट्टीच धरून ठेवली असती तर तो 'आ' एव्हाना कोरसवाल्या मुलींकडे दिलेला असता, किंवा गाणंच यादीतून गेलं असतं. मला यातलं काय चाललं असतं? एकही नाही.

झोपण्यापूर्वी मैफिलीतलं पुन्हा एकदा लावलं, या वेळी पेटी बंद करून. ओळींच्या मधे प्रेक्षक नावाची हाक देतात ती ऐकत होते. 1980च्या प्रक्षेपणांत ती हाक कोवळ्या पोरांची आहे, काहींचे आवाज तर नुकतेच फुटलेले. जागा ठरलेल्या आहेत, ओळ संपली की 'सेइको-चान!', पुढची संपली की पुन्हा. नव्या ध्वनिमुद्रणातही हाक बरोबर त्याच जागी पडते. फक्त गळे जाड झाले आहेत, मधेच एखादा बसका आहे, एकजण खोकतो आणि हाकेला उशीर करतो. तेही सगळे खाली आले आहेत, जवळपास तिच्याइतकेच.