मला मध्ये का नाही घेतलंस?

घरातलं लग्न उरकलं, फोटो ग्रुपवर टाकले, की कुणी ना कुणी विचारतंच, "फोटो छान आहेत गं, पण मला असं कडेला का टाकलंयस?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेटिंगमध्ये जाऊन 'ग्रिड' चालू करा. पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतील. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या चार जागांपैकी एखादीवर माणसाचे डोळे आणायचे. याला 'रूल ऑफ थर्ड्स' म्हणतात. हे नाव कॅमेऱ्याहून जुनं आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना ते वापरलं. आकाश आणि जमीन निम्मी निम्मी नको, एकाला दोन भाग आणि दुसऱ्याला एक भाग द्या, असं त्याचं म्हणणं. समुद्रावर फोटो काढताना मी अजून तेच करते. ढग बघण्यासारखे असतील तर आकाशाला दोन भाग, नसतील तर वाळूला.

पण रेघांपेक्षा मी नजर जास्त बघते. माणूस ज्या बाजूला बघतोय, त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा असल्यासारखा दिसतो.

मधोमध कधीच ठेवायचं नाही, असं मात्र नाही. देवळाच्या दारातून समोरचा गाभारा, तळ्यात पडलेलं प्रतिबिंब, जेजुरीच्या पायऱ्या खालून वर बघताना : दोन्ही बाजू सारख्या असतात तिथे मध्यच शोभतो. दिवेघाटात पालखी चढताना वरून काढलेले फोटो आठवा. तिथे वळणाचा रस्ताच नजरेला हात धरून नेतो. मग ग्रिड कोण बघतंय?

आणि बटण दाबण्याआधी माणसाच्या डोक्यामागे काय आहे ते बघा. माझ्या सुरुवातीच्या फोटोंत निम्म्या नातेवाइकांच्या डोक्यातून विजेचे खांब उगवलेत. पाऊलभर बाजूला सरकले असते तर काम झालं असतं. पण तेव्हा झूम करण्याची हौस फार.

आता मावशीचं. तिच्या मुलीच्या पाठवणीचा फोटो मी काढला होता. मावशी डाव्या कडेला, बाकी सगळी रिकामी वाट आणि उजवीकडे वळणावर पोचलेली फुलांची गाडी. मावशीने माझ्यासमोर मोबाइल घेतला, उजवीकडचा भाग कापला आणि स्वतःला मध्यावर आणलं. "बघ, आता कसं!"

तोच तिचा व्हॉट्सॲपचा डीपी आहे. लोक अजून तिला विचारतात, डोळ्यांत काही गेलं होतं का?