डिझेलचा हात, पेट्रोलची गाडी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडी आली. अकराला शोरूममध्ये पोचलो तर आमच्यासारख्यांची रांगच लागली होती. २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. त्यामुळे ऑगस्टपासून थांबलेली सगळी मंडळी आज आली होती. आम्हीही त्यातलेच. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, घरी आल्यावर सासूबाईंनी ओवाळलं. बॉनेटवर आपट्याची पानं अजून तशीच आहेत, काढाविशी वाटली नाहीत.

गेली ११ वर्षं मी डिझेल चालवली. शाळेला जाऊन-येऊन रोजचे २८ किलोमीटर, शिवाय चिपळूणच्या माहेरच्या फेऱ्या. त्या गाडीचा आवाज, क्लच, कुठल्या चढाला कुठला गिअर, हे सगळं हातापायांत मुरलेलं आहे. आता हातात १.२ लिटरची, तीन सिलिंडरची, पाच गिअरची पेट्रोल. बीएस ६ हे धुराचे कडक नियम आल्यावर छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्याच, म्हणून हा बदल. ही वही मात्र मुद्दाम घातली आहे. जे कळत नाही ते लिहून ठेवायचं आणि विचारत राहायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस एकच बोच. गाडी आदळते. गावात शिरतानाच्या तीन गतिरोधकांवर मागे बसलेल्या आप्पांना असा दणका बसला की त्यांनी पुढच्या सीटला हात टेकला. "नवी गाडी अशी कशी ग?" म्हणाले. मला वाईट वाटलं. त्यांच्या कमरेच्या दुखण्याचा विचार करूनच तर सीटची उंची पाहून ही गाडी घेतली होती.

आज सकाळी सहाला, गाडी रात्रभर उभी असताना, हवा मोजली. घरचा गेज लावला तर पुढच्या दोन्ही टायरांत ४४, मागे ४३. दाराच्या चौकटीवरचा तक्ता सांगतो ३३. गाड्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहतात, टायर एका जागी बसू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात, एवढं मला माहीत होतं. पण ताब्यात देताना ती कमी करणं हे शोरूमचं काम. शंभर कलमांच्या तपासणीचा सही केलेला कागद त्यांनी दिला आहे आणि त्यात टायरपुढे बरोबरची खूण आहे. जास्त हवेचा टायर नुसता दणकत नाही, त्याचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो. पावसात ब्रेक लावताना हे महागात पडतं. याचा मला खरंच राग आला.

वॉल्व्हची सुई दाबून थोडी थोडी हवा सोडत चारही टायर ३३ वर आणले. मग त्याच तीन गतिरोधकांवरून आप्पांना घेऊन गेले. या वेळी त्यांनी हात टेकला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज तीन शंका.

पहिली सकाळची. गाडी सुरू केली की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा १३०० च्या आसपास जातो, अर्ध्या-एक मिनिटाने हळूहळू ८०० वर उतरतो. बिघाड नाही हे वाचून कळलं. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून गाडी स्वतःच आरपीएम वाढवून त्याला लवकर तापवते. तेवढा वेळ मी आता गिअर टाकत नाही.

दुसरी ह्यांची. सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना बघून ह्यांनी कूलंटच गळतंय असं धरलं. कूलंटच्या बाटलीची पातळी पाहिली, जिथल्या तिथे. खरं कारण ऐकून मी चकित झाले. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं! एरवी ते वाफेने निघून जातं. सायलेन्सर थंड असताना तिथंच थेंब धरतात. डिझेल जळूनही पाणी होतंच, पण काळ्या धुराच्या त्या नळीकडे मी कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

तिसरी शंका माझी, आणि ती अजून मिटलेली नाही. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. आवाज नाही, नुसती सीटमधून जाणवणारी बारीक थरथर. शाळेच्या आवारात गाडी चालू ठेवून डब्यातला स्टीलचा पेला पाणी भरून कपहोल्डरमध्ये ठेवला. ८०० आरपीएमला पाण्यावर एकामागून एक गोल लाटा. एसी लावला, आरपीएम किंचित वर गेला, लाटा बारीक झाल्या. पायाने १२०० वर नेलं, पाणी जवळजवळ स्थिर. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीन सिलिंडरला दर २४० अंशांना. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं. शिवाय तीनच सिलिंडर ओळीत असल्यामुळे इंजिन दोन टोकांनी पाळण्यासारखं डुलू बघतं. हे डुलणं अडवतात ती माउंटिंगची रबरं, म्हणजे इंजिन गाडीला जिथं जोडलेलं असतं तिथली. माझा प्रश्न एवढाच की माझ्या गाडीतली रबरं नीट बसवली आहेत का. सर्व्हिसला विचारायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला खरा हिशेब. ३ तारखेला टाकी पहिल्या कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप पहिल्यांदा बंद होईपर्यंत, भरली होती. आज त्याच पंपावर, त्याच मशिनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत. "अजून राउंड फिगर करू का?" असं मुलगा विचारत होता, मी नको म्हटलं. कटच्या पुढे भरलं तर हिशेब बिघडतो आणि पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरायची भीती असते.

४१२ किलोमीटर, २५.९ लिटर. म्हणजे लिटरला १५.९. समोरचा पडदा दाखवतो १७.४. कंपनीचा आकडा चोविसाच्या वर.

घरात लगेच निकाल लागला: इथेनॉल. झाकणाच्या आत ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, स्टिकर आहे, आणि गेल्या काही महिन्यांत जो तो हेच बोलतोय. मी वही घेऊन बसले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळल्यावर एकूण ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. चोविसातून ७ टक्के वजा केले तरी २२ च्या वर उरतात, आणि माझे आले पंधरा-सोळा. मधल्या सहा-सात किलोमीटरचा दोष इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. तो माझ्या वापरात आहे: १४ किलोमीटरची फेरी, त्यात पहिले चार-पाच किलोमीटर इंजिन थंडच, ऑक्टोबरचं ऊन म्हणून एसी सतत, कोल्हापूर नाक्यावरची कोंडी आणि अजून न रुळलेलं इंजिन. कंपनीचा आकडा चाचणीच्या रोलरवर निघतो, एसी बंद ठेवून. तिथं कोल्हापूर नाका नसतो.

तरी ते ६-७ टक्के खरेच आहेत, आणि त्याबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. आमचा पावणेदोन एकर ऊस आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशात मिश्रण १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० वर. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. त्या इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा लवकर येतो आणि उसाचं बिल निघायला मदत होते, हे आम्ही घरात बघतो. आप्पा आज टाकीवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे आपलाच ऊस आपल्याला वढतोय." त्यांना मनापासून आनंद झाला होता. मलाही झाला. पण लिटरमागे ऊर्जा कमी मिळत असेल तर दरात ती दिसायला हवी, आणि पंपावर ठळक लिहिलेलं असायला हवं. माझी गाडी ई२० साठीच बनलेली आहे. ह्यांची मोटरसायकल २०१६ ची, तिच्या रबरी नळ्यांचं काय? तिच्या मालकाला पंपावर निवड करायची सोयच नाही. ऊस पिकवणाऱ्यानेही हे बोललं पाहिजे असं मला वाटतं.

एक खबरदारी लिहून ठेवते: इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची वेळ आली तर टाकी रिकामी ठेवायची नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज. दादाला ओवाळायला चिपळूणला गेलो, आज परत आलो. जाताना कुंभार्ली उतरायची, येताना चढायची. या दोन दिवसांत जेवढं शिकले तेवढं आधीच्या तीन आठवड्यांत शिकले नव्हते.

उतरताना. डिझेल मी तिसऱ्यात ठेवून ब्रेकवर आणायचे. काल पहिल्या मोठ्या वळणाआधी दुसरा टाकला, पाय काढला, आणि कुणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी धरली गेली. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवा आत जायची झडप मिटते. पिस्टनला मिटल्या तोंडातून हवा ओढावी लागते आणि तेच ओढणं गाडीला रोखतं. जुन्या गाडीची पकड अशी नव्हती. अजून एक गोष्ट लेकाने दाखवली. पडद्यावरची त्या क्षणाच्या मायलेजची पट्टी पार टोकाला गेली होती. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. लहानपणी याच घाटात वडापवाले इंजिन बंद करून जीप सोडायचे, डिझेल वाचतं म्हणून. आज ते आठवलं आणि अंगावर काटा आला. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांतच संपते.

चढताना. पोफळी सोडली, गाडीत आम्ही पाच जण, डिकीत फराळाचे डबे आणि आईने दिलेले नारळ. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये १५०० वर होते. डिझेल इथं गुमान ओढायची, म्हणून मी सवयीने पाय दाबला. काहीच नाही. अजून दाबला. इंजिन घुमल्यासारखं झालं, स्टिअरिंग थरथरलं, वेग ३० वरून २२ वर आला. मागे एसटी, वळण समोर. लेक म्हणाला, "आई, दुसरा टाक." टाकला. काटा ३५०० वर गेला, आवाज चढला, माझ्या पोटात गोळा आला, नव्या इंजिनाला आपण मारतोय असं वाटलं. पण गाडी सरळ वर निघाली, आणि तेही पाय अर्धाच दाबलेला असताना.

वर पोचल्यावर चहाला थांबलो तेव्हा आमच्या मिस्त्रींना फोन लावला. अकरा वर्षं जुनी गाडी त्यांनीच सांभाळली. ते म्हणाले, "वहिनी, डिझेलला दाबायचं, पेट्रोलला फिरवायचं. खालच्या आरपीएमला दाबून मारू नका, त्यानं जास्त झीज व्हती. फिरू द्या तिला."

घरी येऊन दोन्ही गाड्यांच्या पुस्तिका शेजारी ठेवल्या. जुन्या डिझेलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, १९०, तोही २००० आरपीएमलाच. नवीचा ११२, आणि तो पूर्ण मिळतो ४३०० ला. मी १५०० वर जे मागत होते ते तिच्यापाशी नव्हतंच. गेले तीन आठवडे ही गाडी मला मंद वाटत होती. आज सकाळी पोफळीपासून वर पहिल्यांदा मी तिला तिच्या जागी चालवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुसरी टाकी: ३८६ किलोमीटर, २०.१ लिटर. १९.२. पडदा २०.६ म्हणतोय. दोन्ही वेळा तो जवळपास दीडने पुढे आहे, तेव्हा यापुढे पडद्यातून दीड वजा करूनच बोलायचं. घाट धरूनही तीनने वाढलं, कारण इंजिन बराच वेळ तापलेलं राहिलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहिली सर्व्हिस, ९४० किलोमीटर. काउंटरवरच्या मुलाने माझ्या वहीतल्या सगळ्या प्रश्नांना "नॉर्मल आहे मॅडम" एवढंच उत्तर दिलं. मी आत जायची परवानगी मागितली. आत एक पोक्त मेकॅनिक होते. त्यांनी फडक्याला हात पुसले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाले, "इथं तळवा ठेवा, जपून." मी इंजिनच्या उजव्या माउंटिंगवर हात ठेवला. इंजिनाच्या बाजूला भरभर ठोके लागत होते. मग त्यांनी माझा हात चार बोटं पलीकडे, बॉडीच्या पत्र्यावर न्यायला सांगितला. तिथं अगदी पुसट. "मधलं रबर एवढं खातंय. ते गेलं असतं तर दोन्हीकडे सारखंच लागलं असतं." महिनाभराची शंका त्या चार बोटांत मिटली.

ऑइलचं विचारलं. जुन्या गाडीचं पहिल्या सर्व्हिसलाच बदललं होतं. इथं पुस्तिकेप्रमाणे १०,००० ला किंवा वर्षाने, आज फक्त पातळी बघायची. त्यांनी काडी काढून दाखवली, मधासारखं स्वच्छ. माझ्या छोट्या फेऱ्या ऐकून ते म्हणाले, इंजिन पूर्ण तापत नसेल तर ऑइलमध्ये ओल धरते, आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. ५,००० ला पदरच्या पैशाने ऑइल बदलायचं माझ्या मनात आहे. ह्यांना ते पटत नाही, बघू.

येताना अंधार पडला होता. हंगाम तोंडावर आलाय, रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागायला लागले, मागे दिवा नाही, लाल कागदाची पट्टीही नाही. एका चढाला असाच ट्रॅक्टर पुढे होता. त्याला ओलांडायच्या आधी, कुणी सांगितलं नसताना, माझा हात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेलेला होता.

हवा त्यांनी ३६ भरलीय. पण ती तापलेल्या टायरात. उद्या सकाळी थंड असताना पुन्हा मोजते.