रामनगर ते कुमेरिया: शेंड्यावरचा चिमणीएवढा शिकारी

उत्तराखंडातल्या रामनगरहून रानीखेतच्या रस्त्याला लागलं की कोसी नदी सोबतीला येते. गर्जिया, मोहान, कुमेरिया या टप्प्यात बाकीच्या जिप्सी वाघाच्या ठशांमागे असतात. आम्ही मान वर करून झाडांचे वाळके शेंडे चाळतो. शोधायचा असतो कॉलर्ड फाल्कनेट हा चिमुकला शिकारी पक्षी. ससाण्यांच्या कुळातल्या मायक्रोहायरॅक्स या प्रजातीत एकूण पाच जाती, सगळ्या आशियातल्या. भारतात दोनच, दुसऱ्यासाठी, म्हणजे पाइड फाल्कनेटसाठी, ईशान्य भारत गाठावा लागतो. सह्याद्रीत यातलं कुणी नाही.

गफलत होते ती आकारात. शिक्रा आणि खरुची (केस्ट्रेल) बघून तयार झालेली नजर मोठा पक्षी शोधते, आणि हा जेमतेम 15 ते 18 सेंटीमीटर! साल वृक्षांच्या जंगलातून वर डोकावणारी काटेसावर किंवा उभं वठलेलं झाड निवडा आणि सगळ्यात वरची उघडी फांदी दुर्बिणीने टोकापर्यंत बघा. खाटीक वाटला तर शेपूट तपासा: खाटकाची लांब, याची आखूड. पाठ काळी, मानेभोवती पांढरा पट्टा, गळा आणि मांड्या तांबूस. कपाळ आणि भुवई पांढरीऐवजी तांबूस दिसली तर पिल्लू समजा. बऱ्याचदा दोन-तीन जण एकमेकांना खेटून बसतात. पण तशी सवय वुडस्वॅलो या पक्ष्यालाही आहे, म्हणून चोच बघितल्याशिवाय नोंद करू नये.

शिकार मात्र बघण्यासारखी. बसल्या जागेवरून सूर मारतो, हवेतच चतुर किंवा फुलपाखरू पायांत पकडतो आणि बहुतेकदा त्याच फांदीवर परततो. भक्ष्य पायाखाली दाबून आधी पंख उपटतो. ते गिरक्या घेत खाली येतात. तो बहुतेकदा परततो, म्हणून तो उडाला की आपण जागा सोडायची नाही.

फोटोत आकाश पांढरं आणि पक्षी काळा गोळा, हे ठरलेलं. ऊन पाठीशी घ्या, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, पण मानेचा पट्टा जळत, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होत नाही ना ते बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं. फेब्रुवारी-मार्च बरा, सावरीलाही तेव्हा पानं नसतात. याच सुमारास विणीला सुरुवात होते. हा स्वतः ढोली कोरत नाही, सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने सोडलेली वापरतो. अशा ढोलीत तो शिरताना दिसला तर मागे सरका, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलवू नका.

कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातल्या ढिकालाला जायचं तर तो भाग 15 नोव्हेंबर ते 15 जून उघडा असतो. तिथे गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे उंच शेंड्यासाठी मानेचे हाल होतात. पायी बघायचं तर कोसीकाठचा रस्ताच सोयीचा.