आमची वाटचाल : ज्याच्या त्याच्या हाताची आवड

नाशिकला की-बोर्ड-माउसचं दुकान सुरू केलं तेव्हा माउसच्या पोटात गोळी असायची. आतल्या रुळांवर चिकटलेला मळ खरवडून माउस पुन्हा चालता करून द्यायचा, हे आमचं रोजचं काम. गोळीऐवजी प्रकाशावर चालणारे ऑप्टिकल माउस आले, ते काम आटलं आणि आम्ही विक्रीकडे वळलो.

धंदा शिकवला तो डीटीपीवाल्यांनी. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत पानं लावणाऱ्या या मंडळींचा हात टीव्हीएस गोल्ड या मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेल्या, की-बोर्डावर बसलेला. त्याची कळ साधारण अर्ध्या वाटेवर ‘टक्’ करते आणि अक्षर उमटतं. सरावलेलं बोट तिथूनच मागे फिरतं. स्वस्त की-बोर्डात कळेखाली रबराची वाटी असते, ती थेट तळापर्यंत दाबावी लागते. दिवसभर टाइप करणाऱ्याला संध्याकाळी हा फरक बोटांत जाणवतो. म्हणून किंमत कितीतरी जास्त असली तरी त्यांना आम्ही गोल्डच सुचवतो.

पण तोच आवाज घरी रात्री अनुवाद करणाऱ्या एका ताईंना नको होता, बाळ उठायचं. त्यांनी लॅपटॉपसारख्या चपट्या कळांचा की-बोर्ड नेला आणि त्या त्यावर खूश आहेत. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांना उजवीकडचा आकड्यांचा नंबर पॅड हवाच. चित्रकाम करणाऱ्यांना मात्र तो नसलेलाच बरा, कारण त्याच्यामुळे माउस लांब जातो आणि खांदा भरून येतो. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे माउस आम्ही कायम ठेवतो. हाताच्या आकाराला जुळणारे म्हणून मिळणारे बहुतेक माउस उजव्या हाताचेच असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मराठी टायपिंगच्या मुलांना मी कळांवर स्टिकर लावू देत नाही. नजर खाली गेली की वेग गेलाच. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळ-मांडणीला १९९१ पासून भारतीय मानकात जागा आहे. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे आणि हलन्त ‘डी’च्या कळेवर. जोडाक्षर आलं की बोट तिथे जाणारच, त्यामुळे आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या की-बोर्डांत ‘डी’ सगळ्यात झिजलेली दिसते.

आता मेकॅनिकल की-बोर्डाची तेवढी एकच कळ बिघडली असेल, तर खालच्या स्विचचा सोल्डरचा डाग सोडवून नवा स्विच बसवून देतो. हात बसलेला की-बोर्ड सहसा कोणाला टाकवत नाही. जुने गिऱ्हाईक आता माउसच्या क्लिकचे स्विचही बदलून मागतात, तेही काम आम्ही घेतो.