मी येईल

न्हाणीघरातला नळ दोन दिवस गळत होता. प्लंबरला कळवलं, तर दुपारी त्याचा मेसेज आला : 'मी ४ वाजता येईल.'

झालं. नळ राहिला बाजूला आणि मी त्या 'ल'पाशी अडकलो. मी येईन, तू येशील, तो येईल. एवढं सरळ आहे. पण हल्ली जो तो 'मी करेल', 'मी सांगेल', 'मी बघेल'. टीव्हीवर कुणी असं बोललं की मी पडद्याकडे बघून मोठ्यांदा 'न! न!' म्हणतो. घरच्यांना याची सवय झाली आहे. नव्या पाहुण्यांना वाटतं, याला बातमीच मान्य नाही.

खानदेशात, विदर्भाकडे 'मी येईल' हे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, हे मलाही ठाऊक आहे. आमचा प्लंबर भुसावळकडचा. त्याची आईही असंच म्हणत असणार आणि आईच्या तोंडची भाषा चूक कशी असेल? मान्य. पण कानाला कोण समजावणार? 'मी येईल' ऐकलं की वाटतं, हा गडी स्वतःबद्दल बोलतच नाहीये. कुणा तिसऱ्याचीच खबर देतोय. येईल तो, आला तर.

तेवढ्यात मागच्या शाळेत दुपारच्या अधिवेशनाची प्रतिज्ञा सुरू झाली. मी खिडकीशी जाऊन कान लावला. 'पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवी...' आणि पुढे न की ल? शे-दीडशे पोरांच्या आवाजात काही म्हणता काही कळलं नाही. 'सौजन्याने वागे...' तेही हवेत विरून गेलं. छापलेलं आहे 'ठेवीन' आणि 'वागेन'. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूतली, पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ साली लिहिलेली. तिचं इंग्रजी रूपही आम्हाला पाठ होतं. त्यात 'आय शॅल गिव्ह' असं होतं आणि त्या 'शॅल'नं आठवीत माझा घात केला.

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. म्हणजे आठवीला येईपर्यंत जेमतेम तीन वर्षांचा संसार. सरांनी फळ्याचे दोन भाग केले. 'आय' आणि 'वी' आले की शॅल, बाकी सगळ्यांना विल. ही झाली साधी भविष्यवाणी. वचन द्यायचं असेल, धमकी द्यायची असेल, हट्ट करायचा असेल, तर नेमकं उलट : आय विल, यू शॅल. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या इंग्रजानं १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या व्याकरणात मांडला. वॉलिस गणिती. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्हही त्यानंच वापरात आणलं. आमच्या पोटात गोळा आणणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, हे तेव्हा कळलं असतं तर आम्ही त्याचा पुतळा करून जाळला असता.

मी हात वर करून विचारलं, 'सर, मग प्रतिज्ञेत आय शॅल कसं? वचन आहे ना ते?' सरांनी खडू खाली ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, 'प्रतिज्ञेत चालतं.' आणि मला तास संपेपर्यंत उभं केलं.

नेहरूंनी १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री 'वी शॅल रिडीम अवर प्लेज' म्हटलं, तेही पुढे वाचनात आलं. शपथ पुरी करायची गोष्ट, आणि क्रियापद निव्वळ अंदाजाचं. चर्चिलच्या १९४०च्या भाषणातही समुद्रकिनाऱ्यावर लढू ते 'शॅल'नंच. एकूण हा नियम पाळला कुणी, तर आमच्या वर्गानं. आता तर 'शॅल' बोलण्यातून जवळजवळ गेलाच. 'मी'साठी राखलेलं रूप मोडीत निघालं आणि 'तो'चं रूप सगळ्यांनाच चालू लागलं. म्हणजे 'येईन'चं झालं तेच. पण शॅल गेल्याचं मला कधी वाईट वाटल्याचं आठवत नाही.

सरांकडे या नियमावर एक जुना विनोद होता. एक आयरिश माणूस नदीत पडतो (काही जण तो स्कॉटिश होता म्हणतात, काही जण फ्रेंच, आमच्या सरांचा आयरिश). गटांगळ्या खात ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' म्हणजे नियमाप्रमाणे, मी बुडणारच, मला वाचवायची कुणाची बिशाद नाही! काठावरचे सभ्य इंग्रज मग त्याच्या इच्छेचा मान राखून निघून जातात. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्ही साठ जण ढिम्म. आमच्यातला कुणीही बुडता बुडता व्याकरणाच्या वाटेला गेला नसता.

मला पोहायला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मे महिना, मळ्यातली विहीर, पाठीला सुका भोपळा. आजी वरून 'पडशील रे, पडशील' करत होती. आमच्याकडे 'पडशील' म्हटल्यावर पोर पडतंच, त्यात अंदाजाचा भाग कमी. मी पायऱ्यांवर थरथरत उभा. तात्या पाण्यात उभ्यानं तरंगत म्हणाले, 'मी आहे.' एवढंच. धरीन नाही, वाचवीन नाही. मी उडी मारली म्हणा किंवा मागून चुलतभावानं ढकललं म्हणा, आत गेलो, नाकातोंडात पाणी, आणि वर येताच बोंब ठोकली, 'मेलो! मेलो!' चक्क भूतकाळ. मराठी माणूस बुडताना 'मी बुडेन' म्हणत बसत नाही, मरून मोकळा होतो. तात्यांनी बखोट धरून वर काढलं आणि म्हणाले, 'मेलेला एवढा ओरडत नाही.'

भूतकाळाची ही खोड आपली जुनीच. 'येईन' म्हणजे जमलं तर. 'येणार' म्हणजे ठरलंय. 'येतो' म्हणजे चपला घालतोय. आणि 'आलोच' म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. आशेचंही तसंच. इंग्रजीतलं 'आय होप' आम्ही भाषांतराच्या वहीत 'मी आशा करतो' असं इमानदारीत उतरवायचो, पण घरात कुणी आशा करताना ऐकलं नाही. जूनमध्ये आभाळ कोरडं राहिलं की तात्या अंगणात उभे राहून म्हणायचे, 'पडू दे रे बाबा.' हवामान खातं मात्र हुशार, त्याला क्रियापदच लागत नाही. पावसाची शक्यता.

चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली. प्लंबर.

तो न्हाणीघरात शिरला, मी दारात उभा. नळ उघडून त्यानं झिजलेला वायसर तळहातावर घेऊन मला दाखवला, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा. तेवढ्यात माझा फोन वाजला. तात्या. वय चौऱ्याऐंशी. फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे स्पीकर लावावा लागत नाही.

'कधी येतोस?'

'येईन ना तात्या. दिवाळीत येईन.'

'विहिरीला पाणी आहे औंदा.'

'हो हो. नक्की येईन.'

'बरं,' म्हणाले. मग थोडं थांबून, 'बरं.'

फोन ठेवला. गेल्या दिवाळीतही येईनच म्हणालो होतो. त्याच्या आधीच्याही. दर वेळी न अगदी स्वच्छ.

प्लंबरचे दीडशे झाले. मी शंभराची आणि पन्नासाची नोट दिली. दोन्हींवर धारकाला रक्कम अदा करायचं वचन, खाली गव्हर्नरची सही. 'वचन देता हूँ', वर्तमानकाळात. एक रुपयाच्या नोटेवर तर हे वचनही नसतं, ती थेट सरकारची. प्लंबरनं काही न वाचता नोटा खिशात टाकल्या, पाना पिशवीत टाकला आणि जाता जाता दारातून म्हणाला,

'परत गळला तर फोन करा साहेब. मी येईल.'

'बरं,' म्हटलं.

येईल तो.