अंत्युखियाची पंगत

रविवार, रात्री

चर्चमधल्या मावशींनी विचारलेला प्रश्न अजून मनातून जात नाही. रविवारची उपासना संपल्यावर त्या माझ्या धाकट्या बहिणीसाठी त्यांच्या पुतण्याचे स्थळ सुचवत होत्या. माझा हात हातात धरून अगदी मायेने बोलत होत्या आणि बोलता बोलता आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही नगरकडचे ना गं? म्हणजे कोणातले?" मी म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती, मावशी." त्यावर त्या म्हणाल्या, "ते झालंच गं. पण त्याआधीचे?" येशूच्या आठवणीत सगळे मिळून खातात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट थोड्याच वेळापूर्वी त्यांनीच माझ्या हाती दिले होते.

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. नेरूळपासून ठाण्यापर्यंत गाडीत मी त्या लाजेचाच विचार करत बसले. आजोबांचे घर गावकुसाबाहेर होते, ते मी लपवावे असे त्यात काय आहे? ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिले नाही आणि मिशनच्या शाळेत पहिल्यांदा कोणी शेजारी बसवून घेतले, त्या आजोबांचा तर मला अभिमान वाटतो. मग जीभ का अडखळली? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले; पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, आम्ही अजून बाहेरच आहोत. म्हणजे सवलतीच्या वेळी आम्हांला जात नाही आणि सोयरिकीच्या वेळी आहे. बाबांच्या नोकरीच्या वेळचे सगळे आठवले, पण ते आज लिहिणार नाही.

तलावपाळीवरून चालत घरी येताना 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मनात होत्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. पण जातिभेद देवाने केलेला नाही, हे विचार करता करता त्यांचे त्यांनाच पटले आणि मग कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, 1900 साली घेतला. त्यांचे मन आधी पालटले. मावशींचा बाप्तिस्मा पाळण्यात असतानाच झाला, मन मात्र तसेच राहिले, असे मला वाटले आणि त्या वाटण्याने थोडा वेळ बरेही वाटले.

ते बरे वाटणे टिकले नाही. जेवणानंतर बायबलमधल्या, पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. येशूच्या ज्या यहुदी शिष्याला, पेत्राला, यापो येथे कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये असा दृष्टांत झाला, जो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याचा उंबरठा ओलांडून गेला आणि देव पक्षपाती नाही असे ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तोच पेत्र पुढे अंत्युखिया शहरात यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसे येताच परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौल त्याचे कारण स्पष्ट लिहितो: पेत्र आपल्याच लोकांना भ्याला. त्याची समजूत बदलली होती, भीती गेली नव्हती. हे वाचले आणि मी बराच वेळ पान उलटले नाही. मावशींनाही पुतण्याच्या आईवडिलांची भीती वाटत असेल. आणि दिवसभर मी जिला लाज म्हणत होते, तीही भीतीच होती: उत्तर ऐकून त्या माझा हात सोडतील, याची.

पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन, हे देवाचे वचन बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात आहे. ते काम एका दिवसात उरकेल, असे तेथे म्हटलेले नाही. पेत्राला इतके पाहून, इतके ऐकूनही वेळ लागला, तर मावशींना लागेल आणि मलाही लागेल. मात्र पौल गप्प बसला नाही. पेत्राच्या पाठीमागे न बोलता सर्वांसमक्ष त्याच्या तोंडावर बोलला. मला सर्वांसमक्ष बोलायचे नाही, पण तोंडावर बोलायला हवे.

धाकटीला सगळे सांगितले. स्थळाचे काय करायचे ते तिचे ती ठरवेल. पुढच्या रविवारी मावशींना आपल्याकडे जेवायला बोलावू या, असे मी आईला म्हणाले. आई भांडी पुसत होती. ती म्हणाली, "बोलाव. पण आजोबांचं आधी सांग, आणि मग बोलाव."